आबारावांच्या जीपचे लाईट

राजपाल म्हणजे लाईटमधला माणूस. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो बारा वर्षं दिवे तपासतोय. पट्ट्यावरून दिवा आला की अंधाऱ्या खोलीत लावायचा, समोरच्या पडद्यावर उजेड कुठवर जातो आणि त्याची कड कुठं तुटते ते बघायचं, आणि एकतर शिक्का मारायचा नाहीतर बाजूला काढायचा. अशा माणसाच्या सख्ख्या बापानं एका वर्षात तिसऱ्यांदा फोन करून सांगावं की जीपचे लाईट कमी पडतायत, म्हणजे काय? राजपालचं डोकंच फिरलं.

"अण्णा, पोळ्याला बल्ब पाठवले होते. दिवाळीला ते पांढरे एलईडी पाठवले. आता काय सूर्य पाठवू का?"

"तसं न्हाय रं," आबाराव फोनवर म्हणाले. "उजेड हाय. पर रातचं कमी पडतंय."

मागून आईचा आवाज आला, "आवं सांगा की त्याला, झाडाचे शेंडे दिसतेत, रस्ता दिसत न्हाय म्हणून."

तेवढ्यावर राजपालचा राग उतरला, कारण म्हातारी बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं. जुन्या बल्बच्या घरात एलईडी कोंबला की उजेड असाच उधळतो. आपण असले दिवे दिवसभर बाजूला काढतो आणि घरी मात्र तेच पाठवून दिले, याची त्याला लाजच वाटली. शेवटी जानेवारीत तीन दिवसांची रजा टाकून तो निघाला. पिशवीत नव्या काचांचे दिवे, बऱ्यापैकी बल्ब, जाड वायर, बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारे दोन रिले आणि बंपरखाली लावायला दोन पिवळे दिवे. चैताली, म्हणजे त्याची बायको, पिशवीत डोकावून म्हणाली, "आईंना साडी नाही, अण्णांना स्वेटर नाही, आणि हे भंगार घेऊन चाललात होय? धन्य आहे बाई तुमची!"

आता जीपचं सांगायला हवं. आबारावांनी चौतीस वर्षं एस.टी. चालवली. आठ वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा त्यांनी ही जुनी जीप घेतली. गाव ढोकीपासून सहा किलोमीटर आत. दिवसा गाड्यांना तोटा नाही, पण रात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला साप चावला, कुणाच्या लेकीला कळा सुरू झाल्या, की लोक एकाच दारात येऊन हाक मारायचे. आबाराव काही न विचारता गाडी काढायचे आणि धाराशिवला नेऊन सोडायचे. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर जाईबाई ठरलेली. पाऊस असो, थंडी असो, म्हातारी पदर खोचून नवऱ्याच्या आधी गाडीत बसलेली असायची. "जाईबाई बसल्याबिगर आबारावांची जीप स्टार्टच व्हत न्हाय," असं म्हणून गाव हसायचं. बरं, बसायची ती बसायची, वर वाटभर तोंडाला दम नाही. हळू घ्या, पुढं हे आलं, पुढं ते आलं. राजपालला त्याची भारी लाज वाटायची. चौतीस वर्षांच्या ड्रायव्हरला ही बाई गाडी शिकवणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जीपचं बॉनेट उघडलं. काचा पिवळ्या पडून दुधाळ झालेल्या. त्यानं मीटर लावला, तर बॅटरीला बारा व्होल्ट आणि दिव्यापाशी पोचेपर्यंत जेमतेम दहा. मधली वायर जुनाट, बटणातून वळसे घेत आलेली. उजेड अर्ध्या वाटेतच खलास होत होता.

"हा बघा, सापडला चोर!" तो ओरडला. आबाराव हात मागं बांधून शेजारी उभे होते. राजपालनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुकानात पांढराफेक दिवा लई भारी वाटतो, पण उसाच्या हंगामात रस्त्यावर धुरळा असतो, तेव्हा तोच उजेड उलटून आपल्याच डोळ्यात येतो. आपल्याला थोडा पिवळसर बरा. खाली लावायचे दिवे तर पिवळेच. आणि दिवा किती मोठा यापेक्षा तो कुठं बघतोय हे महत्त्वाचं.

"आसं व्हय?" आबाराव म्हणाले. दर वाक्याला तेवढंच म्हणत होते.

संध्याकाळी अंधार पडल्यावर समाजमंदिराच्या भिंतीसमोर जीप उभी केली. भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. मागं तीन पोती ज्वारी टाकली आणि वर जाईबाईला बसवलं, कारण मागं वजन बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिकाम्या गाडीवर लाईट लावणारे मेकॅनिक राजपालच्या मते फटक्याच्या लायकीचे.

"मला काय पोतं समजलास का रं?" जाईबाई मागून ओरडली. जमलेली माणसं खो खो हसली.

पण लाईट लागला आणि हसणं थांबलं. भिंतीवर उजेडाची कड चाकूनं कापल्यासारखी सरळ उमटली होती. जाईबाई खाली उतरली, भिंतीच्या अगदी जवळ गेली, त्या कडेवर तळवा ठेवून म्हणाली, "झ्याक झालं बाबा. लई झ्याक." राजपालला गहिवरूनच आलं. बारा वर्षांत त्याच्या कामाला कुणी असा हात लावून बघितलं नव्हतं.

"चला अण्णा, ट्रायल मारू. ढोकीच्या फाट्यापर्यंत."

"तूच चालव," आबाराव म्हणाले. "म्या बाजूला बसतो."

"गाडी तुमची, दिसायला तुम्हाला पाहिजे. मी चालवून काय करू?"

तोवर जाईबाईनं पदर खोचला होता. राजपालनं तिला अडवलं. "तू कुठं? आज एक दिवस तरी अण्णांचे कान किटवू नको. भाकरी टाक, आम्ही अर्ध्या तासात आलोच."

जाईबाई जागची हलली नाही. ती नवऱ्याकडं बघत राहिली. "आवं, तुमी ऱ्हाऊ द्या की," ती हळूच म्हणाली.

"अगं, फाट्यापर्यंत तर जायचंय," आबाराव म्हणाले आणि चाचपत चाचपत दार उघडून स्टिअरिंगमागं बसले. जीप हलायच्या आत म्हातारी राजपालच्या खिडकीशी आली. "राजू, गप बसू नको. बोलत ऱ्हा त्यांच्यासंगं. वाटंत काय काय दिसंल ते सांगत ऱ्हा."

"हो गं बाई, सांगतो," तो म्हणाला, आणि काच वर केली.

सांगतो कसला! लाईट लागल्यावर त्याचं दुसरीकडं लक्षच गेलं नाही. रस्ता असा उघडला होता की कडेच्या बाभळीचे काटे मोजून घ्यावेत. पिवळे दिवे चाकासमोरचा खड्डा न् खड्डा दाखवत होते, वरचे दिवे पार लांब जाऊन पोचत होते, आणि झाडाच्या शेंड्यावर एक थेंब उजेड वाया जात नव्हता. आबारावांनी ओढ्याचा पूल हळू घेतला, पुढचं डावं वळण अगदी बेताचं घेतलं. हात कसा पक्का आहे बघा अजून, राजपालच्या मनात आलं.

"बोल की कायतरी," आबाराव म्हणाले.

"काय बोलू? लाईट बघा ना तुम्ही."

"भारी हायेत."

"मग तीसनं काय चालवताय? सरळ रस्ता आहे. पन्नासला घ्या, म्हणजे कळेल लाईट काय आहेत ते." काटा तीसवरच राहिला. राजपालला चेव आला. "एस.टी.चे ड्रायव्हर ना तुम्ही? का आईनं घाबरवून ठेवलंय?"

ते म्हाताऱ्याला लागलं असावं. त्यांनी पाय दाबला. जीप चाळीसला गेली, मग पन्नासला.

आणि समोर ट्रॉली दिसली. उसानं भरलेली डबल ट्रॉली अर्धा रस्ता अडवून उभी होती. पंक्चर झालं होतं, ट्रॅक्टर सोडून नेला होता. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, नुसते दोन धोंडे आणि एक फांदी. पण राजपालच्या लाईटमध्ये सगळं लख्ख दिसत होतं. उसाचं कांडं न् कांडं, टोकाला बांधलेली लाल चिंधी, चाकापाशी उकिडवा बसलेला एक माणूस, आणि त्याच्याशेजारी तीन दगडांवर चहा उकळत असलेली बाई. एवढ्या लांबून! राजपालला त्या क्षणी, खरं सांगायचं तर, आनंद झाला. तो बापाचा पाय ब्रेकवर जायची वाट बघत राहिला.

पाय गेला नाही.

"अण्णा," तो म्हणाला.

"हं?" आबाराव म्हणाले. कुणी तंबाखू मागावी आणि ओ द्यावी, इतक्या शांतपणे.

"अण्णा, ट्रॉली!"

"कुठं?"

राजपालनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं आणि मग हँडब्रेक उपसला. जीप किंचाळत रस्त्याखाली उतरली, ज्वारीच्या दोन-चार ओळी झोपवून तिरकी उभी राहिली. सगळा धुरळा अंगावर आला. धुरळा खाली बसला तेव्हा राजपालला दिसलं की ती बाई जागच्या जागी बसलेली आहे, तिचं चहाचं पातेलं उलटं पडलंय, आणि जीपचं उजवं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर आहे. ती ओरडलीसुद्धा नव्हती.

चाकापाशी बसलेला माणूस पहार घेऊन धावत आला. "डोळे फुटले काय रं भाड्या? येवढी ट्रॉली दिसंना तुला?"

"व्हय," आबाराव म्हणाले. त्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

राजपाल खाली उतरला. त्या माणसाचं नाव रामहरी, ऊसतोडीवाला. राजपालनं त्याच्यापुढं हात जोडले, बाईपुढं जोडले, काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मग बाईला कंठ फुटला. ती ट्रॉलीखाली बोट दाखवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागली, "लेकरू निजलंय हितं. लेकरू निजलंय." राजपालनं वाकून बघितलं. ट्रॉलीच्या चाकांमध्ये वाकळेत एक लेकरू शांत झोपलेलं होतं.

तो उठला आणि जीपसमोर जाऊन उभा राहिला. दहा पावलांवर, ऐन उजेडात. स्वतः लावलेले ते दिवे त्याच्या छातीवर पडले होते.

"अण्णा, मी कुठं उभा आहे?"

आबारावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "हाय की हितंच."

"कुठं? बोट दाखवा."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ हवेत बोट फिरवलं, आणि ट्रॉलीकडं दाखवलं.

परत येताना राजपालनंच जीप चालवली. दहाच्या वर काटा जाऊ दिला नाही. मैलभर गेले. मग आबारावच बोलायला लागले, पुढं बघत. साखर आहे, ते तर तुला माहीत आहे. साखरेनं डोळ्यामागचा पडदा गेला. दिवसा दिसतं, चष्मा लावून पेपर वाचतो. रात्री फक्त उजेड दिसतो, पांढरा ढग समोर यावा तसा. त्या उजेडात काय आहे ते दिसत नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, आबाराव, अंधार पडल्यावर सायकलसुद्धा धरू नका.

"कधी सांगितलं हे?"

"झाली की सा वर्षं."

"सहा वर्षं?" राजपालनं गाडी थांबवलीच. "आणि सहा वर्षं तुम्ही लोकांना रात्रीचं धाराशिवला नेताय? आंधळेपणानं?"

"आंधळेपणानं कसं? तुझी आई असती की."

"आई काय करते?"

"ती बघती. सांगती. म्या चालवतो." आबाराव आता जरा समजावणीच्या सुरात बोलत होते. "ती म्हणली वळण, की वळण. ती म्हणली थांबा, की थांबलो. आन ती म्हणली वाट मोकळी हाय, जाऊ द्या, की मंग म्या बिनघोर पाय दाबतो."

ती वाटभराची बडबड! गाव जिला हसत होतं, आपण जिला गप्प करत होतो, ती बडबड म्हणजे या माणसाचे डोळे होते. आणि मग राजपालला आठवलं. चार वर्षांपूर्वी तामलवाडीहून, चैतालीच्या माहेराहून, सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन ते याच जीपनं रात्री घरी आले होते. लेक चैतालीच्या मांडीवर झोपलेली. पुढं आईची टकळी चाललेली. राजपालच झोपेतून खेकसला होता, "आई, गप बस की जरा, पोरगी उठेल." आई गप्प बसली नव्हती. तिनं फक्त आवाज बारीक केला होता, आणि वाकून नवऱ्याच्या कानात बोलत राहिली होती. साठ-सत्तर किलोमीटर. तो पुन्हा झोपी गेला होता.

घरी आले तेव्हा जाईबाई रस्त्यावर अनवाणी उभी होती. जीप कोण चालवतंय ते कळल्यावर ती मटकन ओट्यावर बसली.

"लागलं का कुणाला?" तिनं विचारलं.

"तुला माहीत होतं!" राजपाल ओरडला. शेजारपाजारचे ऐकतील याचीही त्याला शुद्ध नव्हती. "एक माणूस, एक बाई, एक लेकरू... हातभर राहिलं होतं, आई, हातभर! तुम्ही दोघं काय वेडे झालात का? किती जणांचे जीव टांगणीला लावलेत तुम्ही! माझ्या लेकीला त्या गाडीत बसवलंत!"

"तुला म्या सांगितलं व्हतं, बोलत ऱ्हा म्हणून," जाईबाई म्हणाली.

"हे असं सांगतात का?"

"मंग कसं सांगायचं? डायवर माणूस हाय. चौतीस वर्सं लोक ह्यांच्या भरवशावर गाडीत निजले. त्यांना लोकांपुढं आंधळं म्हणू?" तिचा आवाज चढला. "आन रातच्याला बाई दारात कळा देती तवा काय करायचं? न्हाय म्हणायचं? ह्यांचे हात चांगले, माजे डोळे चांगले. दोघं मिळून एक डायवर होतोय. सा वर्सांत एका कोंबडीला धक्का न्हाय लागला, इचार कुणालाबी."

राजपालची चीड आता स्वतःकडंही वळली. एवढं या दोघांनी पेललं, आणि आपल्याला पुण्यात बसून त्याचा पत्ता नाही. आपण बल्ब पाठवत बसलो. त्यानं जीपची चावी खिशात टाकली. "आजपासून ही गाडी अंधार पडल्यावर अण्णांच्या हातात जाणार नाही. संपलं. आणि दिसतच नव्हतं तर लाईट कशाला मागत होता वर्षभर?"

"म्या कुठं मागत व्हतो? हिलाच कमी वाटत व्हते," आबाराव म्हणाले.

जाईबाई भाकरी वाढायला आत गेली. राजपाल तेव्हा इतका संतापलेला होता की ते बोलणं त्याच्या कानावरून गेलं. कुणीच धड जेवलं नाही. भाकरी ताटात तशीच पडून राहिली.

ताटं उचलायच्या आतच दारात हाक आली. धनगरवाड्याचा सिदू. "आबाराव काका, गाडी काढा! प्रतीक्षाला कळा लागल्यात, लई तडफडाय लागली." ही हाक ऐकली आणि दोन्ही म्हातारी एकदम उठली. आबाराव पायानं चप्पल शोधायला लागले, जाईबाईनं शाल ओढली. राजपाल बघतच राहिला. दोन तासांपूर्वी काय घडलं ते या दोघांच्या अंगालाच जणू ठाऊक नव्हतं.

"अण्णा, बसा खाली," तो म्हणाला. "मी नेतो."

आबाराव बसले नाहीत. ते जीपपर्यंत आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "नीट जा," म्हणाले. "आईचं ऐक. ती सांगती तसं चालव."

ज्वारीची पोती उतरवली. मागं सिदूची बायको प्रतीक्षा आडवी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर आणि पाय सिदूच्या. पुढं जाईबाई. राजपालनं तिला मागं बस म्हणायला तोंड उघडलं, पण मागं जागाच नव्हती.

"तुला ह्या रस्त्याची सवय ऱ्हायली न्हाय आता," ती म्हणाली. "म्या सांगते."

आणि सांगायला लागली. "वढा आला, हळू." ओढा आला. "डावं वळण. धर, धर, हं, सोड." वळण बोट ठेवल्यासारखं तिथंच. "फुडं खड्डा हाय, उजवीकडनं काढ." खड्डा अजून उजेडात यायचा होता, तोवर हिनं सांगूनही टाकलं. रामहरीची ट्रॉली हलली होती, रस्त्यावर नुसती उसाची पाचट पडली होती. ढोकी गेली, मोठा रस्ता लागला. "गतिरोधक हाय बघ, दोन हायेत. दवाखान्यापतुर पोरीला हिसका बसू देऊ नको." एक झाला, दुसरा झाला. मागं प्रतीक्षा कण्हत होती आणि पुढं आईचा आवाज एका लयीत चालला होता. हळूहळू राजपालचा राग वितळायला लागला. काय बाई आहे ही! आपले एवढे लाईट, आपलं एवढं शिक्षण, आणि ही लाईट पोचायच्या आधी सांगतेय. म्हणजे अण्णा काही अगदीच चुकले नव्हते तर. उद्या दिवसा दोघांना बसवून नीट बोलू, डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊ, काहीतरी मार्ग काढू, असं त्याच्या मनात यायला लागलं. त्यानं शेजारी बघितलं. आई मान ताठ करून, डोळे मोठे करून, समोर बघत होती.

पुढं रस्ता सरळ होता, आणि सरळ रस्त्यावर समोरून बैलगाड्या येत होत्या. कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या रिकाम्या गाड्या, एकामागं एक तीन. गाडीवान झोपलेले. पहिली गाडी मधोमध आलेली, चक्क जीपच्या वाटेत. बैलांचे डोळे लाईटमध्ये चमकत होते, शिंगांचे गोंडेसुद्धा वेगवेगळे दिसत होते. असा उजेड त्यानं कारखान्याच्या पडद्यावरही कधी बघितला नव्हता.

जाईबाई थेट त्या बैलांकडंच बघत होती.

"आता सरळ हाय," ती म्हणाली. "वाट मोकळी हाय. जाऊ दे जोरात."

राजपालला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पाय उचलला, हळूहळू ब्रेक दाबला, कडेला घेऊन जीप उभी केली.

"का रं थांबलास?" जाईबाई म्हणाली. "मोकळं तर हाय. जाऊ दे की, पोरगी कळा देती."

राजपालनं तिनं वाटेत सांगितलेलं एकेक आठवून बघितलं. ओढा, वळण, खड्डा, गतिरोधक. सगळं जागच्या जागी असणारं. सहा वर्षांत तिला तो रस्ता तोंडपाठ झाला होता, आणि जे हलतं-फिरतं त्यातलं तिला काहीही दिसत नव्हतं. दिवाळीपासून, का पोळ्यापासून, कोण जाणे कधीपासून ती असंच सांगत आली होती, आणि ‘वाट मोकळी हाय’ एवढं ऐकून अण्णा बिनघोर पाय दाबत आले होते. मागं दरवेळी कुणीतरी पडलेलं असायचं. आज प्रतीक्षा होती.

पहिली बैलगाडी खिडकीला घासून गेली. घुंगरं वाजली. त्या आवाजासरशी जाईबाई दचकली आणि तिनं तोंड वळवलं, पण गाडी पुढं निघून गेली होती आणि ती जिकडं बघत होती तिकडं काहीच नव्हतं. दुसरी गाडी गेली, मग तिसरी. मागून सिदू म्हणाला, "राजूभाऊ, चला की."

राजपालनं गिअर टाकला. तेव्हा जाईबाईचा हात अंधारात चाचपत आला आणि त्याच्या मनगटावर घट्ट बसला. ती वाकली, आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात त्याच्या कानाशी म्हणाली, "तुज्या बापाला सांगू नको. त्ये माज्या जिवावर चालवतेत."